गाजर गवताचा काढा करायचा विचार आहे? आधी या चुका टाळा

पावसाळा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज फिरायला लागतो, गाजर गवत कॅन्सरवर चालतं, फुकट मिळतं, पाला उकळून प्या. प्लीज असं काही करू नका.

त्यात थोडं खरं आहे म्हणूनच लोक फसतात. या झाडात पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य असतं, लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी त्यानं मरतात हे खरंय, पण चांगल्या पेशींनाही ते विषारीच आहे आणि अंगावर खाज-पुरळ उठते तीसुद्धा याच पार्थेनिनमुळं. हे झाड मूळ मेक्सिको, कॅरिबियन बेटांकडचं, तिकडं लोक तापावर, हगवणीवर वापरत आलेत, पण म्हणून आपण रस्त्याकडेचा मूठभर पाला आणून उकळला की औषध झालं असं होत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती ओळखण्यातल्या चुकीची. कोवळं रोप जमिनीला चिकटून गोल पसरतं, पानं बारीक कातरलेली, बघितलं की दवणाच वाटतो. दवण्याला तो जोतिबाला वाहतात तेव्हाचा घमघमाट असतो हे खरं, पण वास बघायला अनोळखी रोप हातावर चोळू नका, त्यातनंच हात सुजतात. ओळख पटवायला सरळ फूल येईपर्यंत थांबा. जेमतेम चार मिलिमीटरचं पांढरं फूल, भिंगातून बघितलं की त्याला पाच कोपरे दिसतात, आणि खोडावर उभ्या रेघा, बारीक लव.

जखमेवर लावतात तो दगडी पाला म्हणजे एकदांडी, ती वेगळी. लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, आणि पान अखंड, फक्त कडा दातेरी. ओसाडी नावाचं दुसरं तण असतं, त्याचंही पान असं कातरलेलं नसतं.

गावठी नावावर तर अजिबात जाऊ नका. काँग्रेस गवत, चटक चांदणी, पांढरफुली ही सगळी याचीच नावं, शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुळ सूर्यफुलाचं, आणि आपल्याकडं याची पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. प्रोजेक्टवाल्या मुलांनी नुसती वाळलेली पावडर घेऊन काम सुरू करू नये, पावडरवरून कुणी ठामपणे काय सांगणार? फुलासकट आख्खी फांदी पेपरात दाबून वाळवा, जागा आणि तारीख लिहा, आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे तिथनं ओळख पक्की करून घ्या.

ओळख आधीच पक्की असेल आणि उपटायचं असेल तर फूल यायच्या आत, ग्लोव्हज आणि फुल बाह्यांचा शर्ट घालून. पुरळ उठलीच तर साबणानं धुवा, कपडे बदला, घरगुती लेप लावत बसण्यापेक्षा स्किनच्या डॉक्टरकडं जा, कारण ज्यांना एकदा अ‍ॅलर्जी झाली त्यांच्या पापण्या नंतर नुसतं फुललेल्या गवताजवळनं गेलं तरी सुजू शकतात.