लहानपणीची खोली कापडात कशी उभी करावी

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये जन्मलेले कलाकार दो हो सुह यांनी १९९९ साली आपलं लहानपणीचं घर रेशमी कापडात शिवलं. मापं खऱ्या घराची, पण घडी घालून बॅगेत नेता येईल असं. ते छताला टांगतात आणि लोक खाली उभे राहून मान वर करून बघतात. इतकं मोठं काम आपल्याला झेपणार नाही. एक खोली मात्र नक्की जमते.

आधी जुने फोटो बघू नका. आठवेल तसा खोलीचा नकाशा काढा, भावंडांनाही वेगवेगळं बसवून काढायला सांगा. आमच्याकडे फडताळावरून वाद झाला. मी ते दाराच्या डावीकडे काढलं, ताईने उजवीकडे. कोण बरोबर हे ठरवत बसलो नाही, दोन्ही ठेवली. आठवणीचं घर असंच असतं.

मग हॉलमध्ये किंवा गच्चीवर खडूने खऱ्या मापाची चौकट आखा. दहा बाय बाराची खोली फार लहान वाटेल. वाटू द्या, मापं वाढवू नका.

भिंतींसाठी मलमल घ्या, पलीकडचं माणूस अंधुक दिसायला हवं. वरच्या कडेला नेफा शिवून त्यातून नायलॉनची दोरी ओवा आणि ताणून बांधा. खालच्या कडेत बांबूची काठी घातली की कापड फडफडत नाही.

जुनं घर अजून उभं असेल तर तिथे राहणाऱ्यांना विचारून ठसे घ्या. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसंच. सुह यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या घराच्या आतल्या भिंती कागदाने मढवून रंगीत पेन्सिलींनी अशाच घासून काढल्या. पातळ कागद, मेणाचा खडू आडवा. कडी, कोयंडा, स्विचबोर्ड, आणि उंबरठा तर हवाच.

हे ठसे आणि वस्तू जमिनीपासून साडेतीन फुटांवर लावा. सात वर्षांच्या मुलाची नजर साधारण तिथे असते. कडी मात्र तिच्या खऱ्या उंचीवरच राहू द्या.

आवाज एकच ठेवा. आम्ही कुकरच्या शिट्टीचा ठेवला. दिवा एलईडी आणि कापडापासून लांब. उदबत्तीसुद्धा पेटवू नका.

उंबरठ्याचा कागद नेमका दाराच्या रेषेवर चिकटवा आणि माणसं एकेक करून आत सोडा. ताई आत गेली तेव्हा त्या सपाट कागदावरून तिने पाय उचलून टाकला.