रोहित बघायला निघण्याआधी तिथी बघा

मुंबई-नवी मुंबईत रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाताय? घड्याळाआधी भरती बघा. ओहोटीला ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडतो नि थवे खात-खात लांबवर पांगतात. दुर्बिणीतूनही नुसती गुलाबी रेघ दिसते. पाणी चढू लागलं की तेच थवे काठाकडे सरकतात आणि पूर्ण भरतीत नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. म्हणून भरतीच्या तासभर आधी तिथे पोचा.

वेळापत्रक हाताशी नसेल तर कोकणातला जुना हिशेब करा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं.

चोच नीट बघा. गडद, काळपट लाल असेल तर छोटा रोहित. फिकट गुलाबी नि फक्त टोक काळं असेल तर मोठा. करडी असतात ती पिल्लं.

पहिल्या खेपेला स्थानिक पक्षीमित्रांसोबतच जा. थवा आज कुठे उतरलाय ते त्यांना ठाऊक असतं. आणि फोटोसाठी ड्रोन नको, कृपा करून. अख्खा थवा उठतो.