व्हर्टिकल माउस: आधी टेबलाचे माप, मग हाताचे, मग खरेदी

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या डिझाइन ऑफिसांत दिवसभर ऑटोकॅड चालवणारे, बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांची टॅली सांभाळणारे, घरून काम करणारे, या सगळ्यांची तक्रार साधारण एकच असते: संध्याकाळपर्यंत मनगट आणि कोपराखालचा हात भरून येतो. मग कोणीतरी व्हर्टिकल, म्हणजे हात उभा ठेवून धरायचा, माउस सुचवतो. सल्ला चांगला आहे. पण हा माउस नेमके काय बदलतो हे समजून न घेता घेतला, तर तो महिन्याभरात कपाटात जातो.

साध्या माउसवर तळहात जमिनीकडे वळवावा लागतो. त्या स्थितीत कोपराखालची दोन हाडे एकमेकांवरून तिरकी जातात आणि हात तसाच वळलेला ठेवण्यासाठी स्नायू सतत काम करत राहतात. व्हर्टिकल माउसवर हात हस्तांदोलनाच्या स्थितीत येतो आणि तो पीळ बराच सुटतो. मनगट करंगळीच्या बाजूला वाकण्याचे प्रमाणही कमी होते. फायदा इतकाच आहे. 2015 मध्ये ‘अप्लाइड एर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, कार्पल टनेलचा त्रास (मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जाणे) असलेल्या रुग्णांच्या मनगटाची स्थिती अशा माउसने सुधारली, पण त्या बोगद्यातला दाब मात्र कमी झाला नाही. म्हणून याला औषध समजू नका.

टेबल आणि खुर्ची

माउस घेण्याआधी मोजपट्टी घ्या. खुर्चीत नीट टेकून बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. टेबलाचा पृष्ठभाग तेवढाच किंवा एक-दोन सेंमी खाली हवा. आपल्याकडची बहुतेक टेबले 75 सेंमीच्या आसपास असतात आणि मध्यम उंचीच्या माणसाचे कोपर त्याहून बरेच खाली येते. मग खांदा वर उचलला जातो, आणि दुखणे मानेपासून सुरू झालेले असले तरी दोष माउसला मिळतो. टेबल कापता येत नाही. त्यामुळे खुर्ची तितकी वर घ्या आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली तेवढ्याच उंचीचा पाट ठेवा.

दुसरी गोष्ट, माउस शरीरापासून किती लांब आहे. नंबर पॅड असलेला पूर्ण कीबोर्ड सुमारे 44 सेंमी रुंद असतो आणि नंबर पॅड नसलेला सुमारे 36. हे आठ सेंमी थेट उजव्या खांद्यावर पडतात, कारण तेवढा हात बाहेर पसरावा लागतो. टॅलीवाल्यांना नंबर पॅडशिवाय चालत नाही, हे खरे. त्यांनी छोटा कीबोर्ड आणि सुटा यूएसबी नंबर पॅड घेऊन पॅड डाव्या हाताला लावावा. आठवडाभर चुका होतील, मग बोटे बसतात. हा बदल माउसपेक्षा स्वस्त आहे आणि अनेकांना त्याचाच गुण जास्त येतो.

हाताचे माप आणि निवड

तळहात उघडा आणि मनगटाच्या सुरकुतीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. 17.5 सेंमीपर्यंत हात लहान, 19 पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठा समजा. लॉजिटेकचा 2018 मधला एमएक्स व्हर्टिकल मोठ्या हाताला बसतो. 2022 मधला लिफ्ट लहान आणि मध्यम हातासाठी आहे आणि तो डावखुऱ्यांसाठीही मिळतो. दोन्हींचा कोन 57 अंश आहे. स्वस्त माउसच्या खोक्यावर बहुधा एकच आकार असतो आणि तो लहान हाताला मोठा पडतो. मोठ्या माउसवर बोटे ताणून क्लिक करावे लागते. हा ताण जुन्या माउसच्या त्रासापेक्षा वाईट, म्हणून आकाराबाबत तडजोड नको. कोन जितका उभा तितके चांगले, असेही नाही. अगदी उभ्या माउसवर बारीक हालचाल अवघड होते.

एम.जी. रोडवर किंवा कॅनडा कॉर्नरला दुकानात जाणार असाल तर आधी फोन करून डेमोचा माउस उघडा ठेवला आहे का ते विचारा. हातात घेतल्यावर पाहायचे ते असे: तर्जनी आणि मधले बोट किंचित वाकलेले राहून बटणाच्या पुढच्या भागावर आले पाहिजे. अंगठ्याला टेकायला खाच हवी, पण धरायला जोर लागता कामा नये. करंगळीखाली कड असावी, नाहीतर ती दिवसभर टेबलावर घासते. शेवटी, काउंटरवर ठेवून पन्नास-साठ वेळा क्लिक करून बघा. कडक बटणाचा माउस तिथेच परत द्या. ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची मुदत आणि वॉरंटी पाहून घ्या. वजनाचाही विचार करा: वर सांगितलेले दोन्ही माउस 125 ते 135 ग्रॅमचे आहेत. फार हलका माउस इथे तोट्याचा ठरतो, त्याचे कारण पुढे येईल.

वायरचा की बिनवायरचा, यात आरोग्याचा प्रश्न नाही. एकाच जागी बसणाऱ्याला वायरचा चालतो आणि सेलही बदलावे लागत नाहीत.

जोडणी आणि वेग

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की कर्सर किती बिंदू सरकतो तो आकडा. 1920 बिंदू रुंदीच्या साध्या फुल एचडी पडद्यावर या टोकापासून त्या टोकाला जायला 800 डीपीआयवर सुमारे 6 सेंमी हालचाल लागते, 1200 वर 4, तर 1600 वर 3. सुरुवात 1200 ने करा. दोन पडदे असतील तर 1600. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माउस या वाटेने जाऊन पॉइंटरचा वेग मधोमध ठेवा आणि वेग माउसवरच्या बटणानेच बदला. ड्रॉइंगचे काम असेल तर ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. ते चालू असताना कर्सर किती सरकेल हे हात किती जोरात हलवला यावरही ठरते, त्यामुळे हाताला अंदाज बसत नाही.

ऑटोकॅडवाल्यांसाठी एक महत्त्वाचे. चाक दाबून ड्रॉइंग सरकवण्याची सवय इथे बोटाला जाचते, कारण चाक आडव्या दिशेने दाबावे लागते. माउसबरोबर सॉफ्टवेअर येत असेल तर अंगठ्याजवळच्या एका बटणाला मिडल क्लिकचे, म्हणजे चाक दाबण्याचे, काम द्या.

पहिले दोन आठवडे

जुना माउस फेकू नका, शेजारी राहू द्या. पहिले तीन-चार दिवस ई-मेल, ब्राउझर असे हलके काम तासभर नव्या माउसवर करा, मग दुपारपर्यंत, मग पूर्ण दिवस. जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख किंवा ड्रॉइंग पाठवायचा दिवस सुरुवातीसाठी निवडू नये. हालचाल मनगटातून न करता कोपरातून करा, हीच सगळ्यात उशिरा लागणारी सवय. मनगट टेबलावर रोवून माउस फिरवत राहिलात तर कोन बदलूनही ताण तोच राहतो. थंडीत नाशिकची सकाळ दहा अंशांच्या खाली उतरते आणि बोटे आखडलेली असतात. तेव्हा कामाला बसण्याआधी मुठी उघडमीट करून हात गरम करून घ्या.

काय बिघडते

क्लिक करताच कर्सर बाजूला सरकतो, ही सर्वांत मोठी तक्रार. साध्या माउसवर बोट खाली दाबते आणि टेबल ते झेलते. इथे दाब आडवा जातो आणि माउस ढकलला जातो. हलका माउस आणि गुळगुळीत टेबल असेल तर जास्तच. समोरून अंगठ्याचा हलका आधार द्या आणि खाली कापडी पॅड घाला. कर्सर हलतो म्हणून मूठ आवळून धरू लागलात तर अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागेल.

टेबलावर काच असेल तर साधा ऑप्टिकल माउस अडखळतो. पॅड ठेवला की प्रश्न मिटतो. बिनवायरचा माउस मध्येच उडत असेल आणि त्याचा रिसीव्हर निळ्या यूएसबी 3 पोर्टमध्ये, हार्ड डिस्कशेजारी असेल, तर तो दुसऱ्या पोर्टमध्ये किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरवर घ्या. यूएसबी 3 ची जोडणी 2.4 गिगाहर्ट्झच्या संदेशात अडथळा आणते. एका क्लिकला दोन क्लिक होऊ लागले तर बहुतेकदा आतला स्विच झिजलेला असतो. वॉरंटी असेल तर बदलून घ्या. कीबोर्डवरून हात परत नेताना माउस लवंडत असेल, तर वरून झेप न घेता हात टेबलालगत बाजूने सरकवत न्या.

डॉक्टरांकडे कधी

रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग आत गेल्यासारखा दिसत असेल, तर माउसचा शोध थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर दुसऱ्या नसेचा, बहुधा कोपराशी दाबल्या जाणाऱ्या नसेचा प्रश्न असतो. अशा वेळी आधी खुर्चीच्या कडक हातावर कोपर टेकवून बसणे बंद करा. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखत असेल तर व्हर्टिकल माउस त्रास वाढवूही शकतो, कारण त्याचा भार अंगठ्यावर येतो. अशांनी तो विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला हात दाखवावा.