व्ह्यूज येतात, पैसे येत नाहीत? यूट्यूबवर या चुका टाळा

"महिन्याला किती सुटतात रे?" चॅनेल जरा चालू लागलं की पारावर पहिला प्रश्न हाच. आईच्या रेसिपींचं आमचं चॅनेल. पहिलं वर्षभर माझं उत्तर शून्य होतं, आणि बघणारे काही कमी नव्हते.

सुरुवातीला रोज शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, टाकत सुटलो होतो. जाहिरातींचा वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाइम (लोकांनी व्हिडिओ बघण्यात घालवलेला वेळ) लागतो, पण शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या तासांत धरतच नाहीत. नुसत्या शॉर्ट्सवर जायचं तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज हवेत. ५०० सबस्क्रायबरवाली सोयही आहे, पण तिच्यात सुपर थँक्स, मेंबरशिप वगैरे, म्हणजे प्रेक्षकांनी थेट दिलेले पैसे मिळतात. जाहिरातींचे पैसे नाहीत.

मोनेटायझेशन, म्हणजे कमाई, चालू झालं आणि खरी अडचण निघाली पत्त्याची. यूट्यूबची कमाई गूगलच्या अ‍ॅडसेन्स खात्यात जमते. अ‍ॅडसेन्समध्ये १० डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासायला पिनचं (गुप्त आकड्याचं) पत्र पोस्टाने घरी येतं. मी पत्ता दिला होता 'मारुती मंदिरासमोर'. गावात मारुतीची देवळं दोन! दोन पत्रं गेली कुठे कुणास ठाऊक. तिसऱ्या वेळी दुसऱ्या ओळीत अण्णांचं नाव, मु. पो., तालुका, पिनकोड सगळं घातलं आणि पोस्टमनकाका थेट ओट्यावर पत्र ठेवून गेले. मला कोण ओळखतं, अण्णांना सगळे ओळखतात. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती बंद होतात, म्हणून हे लवकर उरका. खात्यावरचं नाव पासबुकातल्यासारखंच ठेवा. आणि १०० डॉलर जमेपर्यंत बँकेत काही येत नाही, तोवर मॅनेजरला छळू नका.

अमेरिकेचा टॅक्स फॉर्मही बरेच जण 'नंतर बघू' म्हणून सोडतात. तो न भरल्यास जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. पॅन देऊन, भारत-अमेरिका कर करार निवडून फॉर्म भरला की फक्त तिकडच्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के. न्यू जर्सीतल्या मावश्या पुरणपोळी बघतात, तेवढ्यापुरतंच.

गौरीच्या नैवेद्याचा व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला आणि त्याचा एक पैसा मिळाला नाही. मागे मांडवातल्या स्पीकरवर आरती चालू होती. आरती जुनी म्हणून मोकळी, असं मी धरून चाललो. शब्द जुने असले तरी रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. कॉपीराइट क्लेम आला, कमाई तिकडे वळली. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेल बंद पडू शकणारी ताकीद) नव्हे, चॅनेलला धोका नसतो. घाबरून व्हिडिओ उडवू नका. यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या पानावर) जाऊन तेवढा तुकडा कापा किंवा गाणं म्यूट करा. मला हे कळलं दिवाळीत, तेव्हा गौरींचा व्हिडिओ बघतंय कोण?

राहता राहिली व्हिडिओत दाखवायला कंपनीने पाठवलेली फुकटची वस्तू. व्हिडिओत 'पेड प्रमोशन'ची खूण करा आणि जाहिरात आहे हे तोंडानेही सांगा. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांवरचं काही मिळालं तर जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस आहे. आम्हाला २४,००० चा ओव्हन आला, कंपनीने वस्तू द्यायच्या आधी कराचे २,४०० मागितले. शूटिंगनंतर वस्तू परत केली तर हा कर लागत नाही, हे मी आईला समजावून सांगितलं. ओव्हन अजून ओट्यावरच आहे.