प्रोलॉगमध्ये मराठी फाईल चिन्हागणिक वाचताना

मराठवाड्यातल्या गावांची यादी एसडब्ल्यूआय-प्रोलॉगने (प्रोलॉग या नियमांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेची एक आवृत्ती) वाचायची असेल, तर फाईल उघडणाऱ्या ओपनच्या चौथ्या जागी एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 सांगाच. गेट_कॅर एका वेळी एक युनिकोड चिन्ह उचलतं, आपण म्हणतो ते अक्षर नव्हे. ‘नांदेड’ पूर्ण व्हायला ते 6 वेळा चालतं. काना, अनुस्वार, मात्रा सगळे सुटे येतात. (म्हणून चिन्हं उलट क्रमाने पुट_कॅरने छापलीत, तर मात्रा भलत्याच अक्षराला चिकटते.)

खरी गोम वेगळीच: बॅकट्रॅकिंग (एक नियम फसल्यावर मागे येऊन दुसरा करून बघणं) झालं तरी वाचलेलं चिन्ह स्ट्रीममध्ये, म्हणजे उघडलेल्या फाईलच्या प्रवाहात, परत जात नाही. दोन नियमांत निवड करायची असेल तर आधी पीक_कॅरने पुढचं चिन्ह बघा, मगच वाचा. फाईल संपल्यावर गेट_कॅर एंड_ऑफ_फाईल हा अ‍ॅटम (नुसतं नाव असलेलं मूल्य) देतं, चिन्हाऐवजी त्याचा क्रमांक वाचणारं गेट_कोड मात्र -1.