ग्वादालाहारात नवीन आलात? आधी जेवणाच्या वेळा बदला

मेक्सिकोतल्या या शहरात नोकरीसाठी येणारी आपली मंडळी, बहुतेक आयटीतली, पहिले काही महिने एकच रड लावतात: बाहेर चांगलं खायला मिळत नाही. मिळतं हो, पण तुम्ही भलत्या वेळी जाता. या शहरात प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. रात्री आठला बिर्रिया, म्हणजे इथलं रस्सेदार मटण, शोधत फिरलात तर बऱ्याच ठिकाणी शटर खाली दिसेल.

बिर्रिया सकाळीच खावी, त्यातही रविवारी. शहराच्या जुन्या भागात नुएवे एस्किनास, म्हणजे नऊ कोपऱ्यांचा एक चिमुकला चौक आहे, तिथल्या खाणावळी यासाठीच प्रसिद्ध. सुक्या मिरच्यांचं वाटण लावून बोकडाचं मटण तासन्‌तास मंद शिजवतात. सोबत रस्सा, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि फडक्यात गुंडाळलेले गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या. मागताना ‘दे चिवो’, म्हणजे बोकडाची, म्हणा. ‘दे रेस’ म्हणजे गोमांस, आणि तेही सर्रास मिळतं. ‘कार्ने एन सू हुगो’ हा इथला दुसरा लाडका रस्साही गोमांसाचाच. तो चालत असेल तर कार्ने गारिबाल्दी या खाणावळीत जा, १३.५ सेकंदांत जेवण टेबलावर आणल्याचा १९९६ चा गिनीज विक्रम त्यांच्या नावावर आहे.

दुपारचा मान तोर्ता आओगादाचा. बिरोते नावाच्या कडक, आंबूस पावात तळलेलं डुकराचं मांस भरतात आणि तो टोमॅटोच्या रश्शात बुडवतात. आपली माणसं लगेच ‘ही तर यांची मिसळ’ म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. मिसळीत पाव जोडीला असतो, इथे सगळी करामत पावाची. रश्शात बसूनही तो लगदा होत नाही. तिखट वेगळं असतं, चिले दे आर्बोल मिरचीचं. पहिल्यांदा ‘मेदिया’, म्हणजे कमी तिखटाची, मागा; तिखट खायची कितीही सवय असली तरी.

शाकाहाऱ्यांनो, नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही. चिकन किंवा हॅम घातलेली थाळी हसतमुखाने पुढे येईल. ‘नी पोयो, नी हामोन’ (चिकन नको, हॅमही नको) म्हणा, आणि घेवड्याच्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते, म्हणून ‘सिन मान्तेका’ (चरबीशिवाय) आहे का, तेही विचारा. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज भरून दुमडलेला तोर्तिया), भाजलेलं निवडुंगाचं पान, चिंचेचं सरबत, तिखटमीठ लावलेले आंबे: उपाशी राहणार नाही. घरी स्वयंपाक करायचा तर मेर्कादो दे आबास्तोस या घाऊक बाजारात तांदूळ, मसूर, काबुली चणे मिळतात. नळाचं पाणी मात्र पिऊ नका. २० लिटरचा गाराफोन, म्हणजे पाण्याचा मोठा कॅन, घरपोच येतो.

उन्हं तापली की तेहुइनो. मक्याचं पीठ गुळासारख्या पिलोन्सियोत शिजवून किंचित आंबवतात, वर लिंबू, मीठ आणि लिंबाच्या बर्फाचा गोळा. पहिला घोट विचित्र लागेल. ग्लास संपवा, मग बोला. रात्र टाकोंची, हे सांगायला नको.

फिरण्यासाठी रविवार सकाळ सोडू नका. विया रेक्रेआक्तिवा या सायकल चालवणाऱ्या आणि पायी फिरणाऱ्यांसाठीच्या उपक्रमासाठी मोठे रस्ते दुपारी दोनपर्यंत गाड्यांना बंद असतात. सायकल काढा आणि थेट मध्यवस्तीत या. ओस्पिसियो काबान्यास ही जुनी अनाथाश्रमाची इमारत १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्या घुमटात चित्रकार ओरोस्कोने जळता माणूस रंगवलाय. ओरोस्कोचा डावा हात तरुणपणीच बंदुकीच्या दारूच्या स्फोटात गेला होता, आणि एकहाती त्याने ही छतं भरली. खाली बाकांवर पाठ टेकून निवांत पाहा, मान अवघडत नाही. तिथून जवळच सान हुआन दे दिओसचं मंडईवजा अवाढव्य मार्केट आहे. चपलांपासून चीजपर्यंत सगळं, पण पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

त्लाकेपाके आणि सापोपान या शहराला लागून असलेल्या दोन्ही गावांकडे मेट्रोची ३ नंबरची लाइन जाते. त्लाकेपाके देखणं आहे, पण महाग. घरासाठी माठ, ताटल्या, दिवे घ्यायचे तर गुरुवारी किंवा रविवारी तोनालाच्या आठवडी बाजारात जा आणि घासाघीस करा. जून ते सप्टेंबर हे सगळं दुपारपर्यंत उरका, कारण संध्याकाळी पाऊस धो धो कोसळतो आणि रस्ते तुंबतात. १२ ऑक्टोबरला मात्र पहाटेच उठा: त्या दिवशी कॅथेड्रलमधून सापोपानच्या बासिलिकापर्यंत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चपर्यंत, मेरीमातेच्या मूर्तीची मिरवणूक निघते, लाखो लोक पायी चालतात आणि बरीचशी वाहतूक बंद असते. ऑफिसला आधीच सांगून ठेवा.