हेज ट्रिमरचा कार्बोरेटर उघडताना

कुंपण छाटण्याचे पेट्रोलवरील यंत्र चोक लावल्यावर सुरू होऊन चोक काढताच बंद पडत असेल, तर बहुधा कार्बोरेटरमधील (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागातील) पातळ पडदा, म्हणजेच डायाफ्राम, कडक झालेला असतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पावसाळाभर टाकीत राहिले की हे अनेकदा घडते. नवा पडदा बोटाने दाबल्यास कापडासारखा वाकतो. जुना वाळक्या पानासारखा कुरकुरतो, आणि तो बदलण्यावाचून उपाय नाही.

सुटे भाग मॉडेल क्रमांक पाहूनच घ्यावेत. खोलताना प्रत्येक थराचे छायाचित्र काढावे, कारण बहुतेक कार्बोरेटरांत सुईच्या (आत येणारे पेट्रोल रोखणाऱ्या झडपेच्या) बाजूला आधी गॅस्केट (सांधा घट्ट बंद करणारा पातळ थर) व मग पडदा बसतो, तर पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या बाजूला आधी पडदा व मग गॅस्केट, आणि ही अदलाबदल झाली की सारी मेहनत वाया जाते. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचे प्रमाण ठरवणारे स्क्रू काढण्यापूर्वी ते हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती वेढे बसले ते लिहून ठेवावे. पंपाच्या झाकणाखालची नखाएवढी जाळी अनेकजण विसरतात. खरा कचरा बऱ्याचदा तिथेच अडकलेला असतो. क्लीनरचा फवारा फक्त धातूच्या भागावर मारावा, रबरावर मुळीच नको, आणि छिद्रांत तार घालू नये, कारण तिने जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, मोठे होते.

यंत्र महिनाभर पडून राहणार असेल, तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे.